चीनमध्ये सर्दी आणि पोट बिघडल्यावर रूममेटने दिलेला हर्बल काढा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सर्दी-तापानंतर पोट बिघडलं, डॉक्टरांचं अँटिबायोटिक चालू आहे आणि रूममेटने 'हुओश्यांग चंगछी'च्या तपकिरी बाटल्या दिल्यात. आज रात्री त्या घेऊ नका. आधी खोका बघा.

मी ग्वांगचौला सहा वर्षं होतो. उन्हाळ्यात मळमळ, जुलाब, डोकं जड झालं की तिथे घरोघरी हेच औषध निघतं. सूत्र सुंग राजवटीतल्या सरकारी औषधशाळेचं: अत्तरात वापरतात त्या पचौलीचा पाला, सुपारीची सोडणं, वाळवलेली संत्र्याची साल, ज्येष्ठमध वगैरे. पण नावाच्या शेवटी 'श्वेइ', म्हणजे पाणी, असेल तर त्या दहा मिलीच्या बाटलीत ४० ते ५० टक्के अल्कोहोल असतं. झाकण उघडताच नाकाला झोंबतं. 'खौफूये', म्हणजे तोंडाने घ्यायचं द्रव, लिहिलेल्या प्रकारात ते नसतं.

तुमचं अँटिबायोटिक 'सेफ'ने सुरू होणाऱ्या नावाचं असेल (चिनी दुकानदार त्याला 'थौपाव' म्हणतात), तर त्यातल्या काही औषधांवर अल्कोहोल गेलं की चेहरा लाल होतो, धडधडतं, रक्तदाब कोसळतो. जिवावर बेतू शकतं. मेट्रोनिडाझोल या दुसऱ्या अँटिबायोटिकवरही अल्कोहोल टाळतात. कोर्स संपल्यावरही आठवडाभर थांबा.

दुसरं, तिकडे 'सर्दीचं औषध' असं एकच नसतं. माझ्या शेजारच्या आयी (मावशीला तिथे असंच म्हणतात) मला आधी विचारायच्या, "घाम येतोय का?" थंडी वाजतेय आणि थोडा घामही येतोय, तर क्वेइची थांग नावाचा काढा: दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीची मुळं, आलं, सुकी लाल बोरं, ज्येष्ठमध. घाम अजिबात नसेल तर माहुआंग (एफेड्रा) या वनस्पतीचा काढा. त्या माहुआंगमध्ये एफेड्रिन असतं, नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणून तो स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये.

क्वेइची थांग घेतल्यावर आयी गरम पातळ पेज प्यायला लावायच्या आणि पांघरुणात गुंडाळायच्या. अंगभर हलका घाम सुटला की उरलेला काढा बाजूला. मला ही घरची रीत वाटायची. नंतर कळलं, हान काळातल्या वैद्य चांग चुंगचिंग यांच्या 'शांगहान लुन'मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय: पेज प्यावी, पांघरूण घ्यावं, घाम पाण्यासारखा वाहू देऊ नये, एका मात्रेत बरं वाटलं तर पुढची घेऊ नये. औषध थांबवायचं कधी, हे इतकं स्पष्ट लिहिलेलं मला फार भावलं.

अँटिबायोटिकचा खोका दुकानात दाखवून विचारा. शौचात रक्त दिसलं, ताप चढला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर थेट दवाखाना गाठा. तोवर ओआरएस घोट घोट घ्या, आणि सकाळी कॅन्टीनमध्ये 'चौ' मागा. ती आपली पेजच, चिमूटभर मीठ मात्र वरून घाला.