‘परत आल्यावर बघू’ हे उत्तर घेऊन एक्सचेंजला जाऊ नका

तुम्ही विचारलंय की नेदरलँड्समध्ये युरोपीय भाषा, संस्कृती आणि समाज या विषयात बी.ए. करताना पाचव्या सेमिस्टरला जर्मनीत जाणार आहात, तर बोलण्याचा सराव कुठल्या शहरात जास्त होईल. त्यावर खाली लिहिते. पण तुमच्या पोस्टच्या शेवटी एक वाक्य आहे, त्यावर आधी बोलायला हवं. मंजूर यादीतला एक सेमिनार यंदा होत नाहीये आणि कोऑर्डिनेटर म्हणाल्या, “दुसरा घ्या, परत आल्यावर बघू.” अगदी हेच उत्तर मलाही मिळालं होतं आणि त्यापायी माझं अर्धं वर्ष गेलं.

इरास्मस हा युरोपातल्या विद्यापीठांमधला विद्यार्थी-देवाणघेवाणीचा कार्यक्रम. तो कसा चालतो, अनुदान किती मिळतं, अर्ज कसा करायचा हे लिहीत बसत नाही. निवड झाली म्हणजे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

जर्मनीत एखादा सेमिनार दरवर्षी होईलच असं नसतं. हिवाळी सेमिस्टरचं नक्की वेळापत्रक बरेचदा उन्हाळ्यात येतं. तोवर बाहेर कुठले विषय घेणार याच्या करारावर, म्हणजे आपल्या लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर मागच्या वर्षीची यादी बघून सह्या होऊन गेलेल्या असतात. माझा युद्धोत्तर जर्मन समाजावरचा सेमिनार असाच गळला. त्याच्या जागी मी स्थलांतरितांच्या लेखनावरचा सेमिनार घेतला. 1961 मध्ये पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला, त्यानंतर आलेल्या पिढ्यांनी जर्मनमधून काय लिहिलं, असा विषय होता. क्रेडिट तेवढेच आणि वाचन आधीच्यापेक्षा जड. शेवटी पंधरा-वीस पानांचं हाउसआर्बाइट, म्हणजे घरी लिहायचा निबंध, तेही जर्मनमध्ये. समाज म्हणजे काय हे मला त्या सेमिनारमध्ये जेवढं कळलं तेवढं आख्ख्या पदवीत कुठे कळलं नाही.

माझ्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने बदलाच्या ईमेलला उत्तर दिलं: ठीक आहे, पुढचं नंतर पाहू. मी परतले तेव्हा ते उत्तर देणाऱ्या बाई दुसऱ्या विभागात गेल्या होत्या. नवीन माणसाने फाइल उघडली आणि सांगितलं की नाव जुळत नाही, मूळ मॉड्यूल, म्हणजे ज्याऐवजी हा सेमिनार धरायचा तो आपल्या पदवीतला विषय, ‘समाज’ या गटातलं आहे आणि हे ‘साहित्य’ दिसतंय. बदलाचा कागद परीक्षा मंडळाकडे कधी पाठवलाच गेला नव्हता. मी सेमिनारचं वर्णन मागवायला गेले तर त्या जर्मन विभागाच्या वेबसाइटवर नवीन सेमिस्टरची माहिती चढली होती आणि जुनी गायब. कार्यालय म्हणे, वर्णन आणा. वर्णन आणलं तर म्हणे, आता मुदत संपली. आजही हे लिहिताना चीड येते, कारण त्या कार्यालयाचं काम नेमकं हेच होतं.

युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्याला अर्धं वर्ष फार महाग पडतं. फी मोठ्या दराने, राहण्याचा परवाना वाढवून घ्या ते वेगळंच. शिवाय नेदरलँड्समध्ये आपल्यासारख्यांना दरवर्षी किमान 50 टक्के क्रेडिट मिळवावे लागतात, नाहीतर विद्यापीठाला ते इमिग्रेशन खात्याला, म्हणजे आयएनडीला, कळवावं लागतं. एक सेमिनार गळल्याने लगेच तिथवर जात नाही, पण बाहेरचे 30 क्रेडिट, म्हणजे वर्षाचे निम्मे, अडकून पडले आणि दुसऱ्या सेमिस्टरला एखादा विषय राहिला, तर काठावर यायला वेळ लागत नाही.

म्हणून माझं ठाम मत: कोऑर्डिनेटरचा शब्द शेवटचा धरू नका. नेदरलँड्समध्ये क्रेडिट मान्य करायचे की नाही हे परीक्षा मंडळ ठरवतं, ज्याला तिथे एक्झामनकमिसी म्हणतात. आंतरराष्ट्रीय कार्यालय सह्या गोळा करतं, अधिकार मंडळाचा. तेव्हा बदललेल्या सेमिनारचं पूर्ण वर्णन, वाचनयादी, क्रेडिट आणि परीक्षेचा प्रकार एका पीडीएफमध्ये घाला आणि मंडळाला लेखी विचारा: याला अमुक मॉड्यूलऐवजी मान्यता द्याल का? हो किंवा नाही, निघण्याआधी. निघण्याआधी जमलं नाही तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, विषय बदलता येतो तोवर. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये बदल नोंदवायचा वेगळा भाग असतो, तो भरून तिन्ही सह्या घ्या: तुमची, नेदरलँड्समधल्या विद्यापीठाची, जर्मनीतल्या विद्यापीठाची. ईमेलमधलं ‘ठीक आहे’ म्हणजे सही नव्हे.

त्यांनी नावावरून खोड काढली तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. 1997 चा लिस्बन मान्यता करार सांगतो की दुसरीकडे केलेला अभ्यास मान्य करायचा, ठळक फरक दाखवता आला तरच नाकारायचा, आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी संस्थेची. दुसरं, इरास्मसमध्ये भाग घेणारं प्रत्येक विद्यापीठ एका सनदेवर सही करतं, आणि ठरल्याप्रमाणे यशस्वीपणे मिळवलेल्या क्रेडिटना पूर्ण मान्यता देणं हे त्यात येतं. क्रेडिट पद्धतीच्या 2015 च्या मार्गदर्शिकेतही विद्यार्थी काय शिकला ते बघा, विषयांची नावं हुबेहूब जुळवत बसू नका, असाच रोख आहे. नम्रपणे, पण नाव घेऊन हे लिहा. मंडळाने लेखी नकार दिलाच तर विद्यापीठाच्या अपील मंडळाकडे जायला 6 आठवडे असतात. ती मुदत पत्राच्या तारखेपासून मोजा आणि ‘चर्चा चालू आहे’ म्हणून थांबू नका. मी वकील नाही. तुमच्या अभ्यासक्रमाचे परीक्षा नियम स्वतः वाचा, दरवर्षी त्यात काही ना काही बदलतं.

आणखी एक पेच तारखांचा. जर्मन हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. तासिका साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि हाउसआर्बाइट पुष्कळदा त्यानंतर द्यायचं असतं. तुमचं नेदरलँड्समधलं दुसरं सेमिस्टर मात्र फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सुरू होतं. म्हणजे तिकडच्या शेवटच्या तासिका बुडू शकतात, आणि प्राध्यापकांनी निबंध तपासून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, येईपर्यंत उन्हाळासुद्धा उजाडू शकतो. पहिल्याच तासाला प्राध्यापकांना भेटून सांगा की तुम्ही एक्सचेंजवर आहात आणि लवकरची तारीख हवी आहे. बहुतेक जण ऐकतात. परीक्षेची नोंदणी विषयाच्या नोंदणीपेक्षा वेगळी असते, तिच्याही तारखा लगेच लिहून ठेवा.

गुणांचंही आधीच विचारा. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. फ्रान्समध्ये 20 पैकी 10 ला पास आणि 16 ला सर्वोच्च श्रेणी. ते 16 कोणी 80 टक्के म्हणून धरले तर तो सरळ अन्याय आहे. काही ठिकाणी बाहेरचे गुण फक्त ‘पास’ म्हणून नोंदतात. ऑनर्सचा विचार असेल तर तुमच्याकडे काय करतात ते आताच कळलेलं बरं.

आता शहर. बोलण्यासाठी जायचं असेल तर मी बर्लिन निवडणार नाही. तुम्ही अडखळलात की समोरचा इंग्रजीवर जातो. मी लाइपझिग सुचवेन. तिथल्या विद्यापीठात परदेशी भाषा म्हणून जर्मन शिकवणारी हर्डर इन्स्टिट्यूट आहे. आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्याला पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्धचा 9 ऑक्टोबर 1989 चा मोर्चा जिथे निघाला ते शहर पायी फिरता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण शहरापेक्षा तुमच्या संध्याकाळी कुणाबरोबर जातात हे जास्त मोजतं. एक्सचेंजची मुलं आपसात इंग्रजीच बोलतात. विद्यापीठाच्या गायनवृंदात जा, खेळाच्या तासांना नाव घाला, स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर फ्लॅट मिळत असेल तर तोच घ्या.

माझ्या ओळखीची एक मुलगी स्पॅनिश पक्कं करायला बार्सिलोनाला गेली आणि तिचे निम्मे वर्ग कॅटलानमध्ये निघाले. बेल्जियममधल्या लूव्हेनचं तर विद्यापीठच 1968 मध्ये भाषेवरून दुभंगलं. डच भाग लूव्हेनला राहिला आणि फ्रेंच भागासाठी लूव्हें-ला-नव्ह हे नवं गाव वसवलं गेलं. म्हणजे नकाशावर देश बघून भागत नाही, प्रत्येक विषयापुढे शिकवण्याची भाषा लिहिलेली असते ती बघा.

परवान्याबद्दल थोडक्यात. इरास्मसवर असाल तर नेदरलँड्सच्या विद्यार्थी परवान्यावर जर्मनीत 360 दिवसांपर्यंत राहता येतं, मात्र त्याची सूचना जर्मन विद्यापीठाने बाम्फ या स्थलांतराचं काम बघणाऱ्या केंद्रीय कार्यालयाला आधी द्यावी लागते. ती गेली का हे त्यांना लेखी विचारा. घरात राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो.

तुमच्या नव्या सेमिनारचं वर्णन आणि मूळ मॉड्यूलचं वर्णन इथे टाका. परीक्षा मंडळाला पाठवायच्या पत्रातला तुलनेचा परिच्छेद लिहायला मी मदत करते. पण हे याच आठवड्यात करा, सुट्ट्या लागल्या की मंडळाची बैठक एकदम सप्टेंबरात होते.