अमेरिकेतलं कंट्री संगीत पिढ्यांनुसार नेमकं कशात बदललं?
सगळ्यात जास्त बदलली ती वाद्यं आणि ठेका; साध्या शब्दांत गोष्ट सांगायची रीत बरीचशी टिकली. जुनी-नवी ध्वनिमुद्रणं ओळीने ऐकली की हे लगेच कळतं. कार्टर फॅमिली या सुरुवातीच्या कंट्री गटाची १९२७ पासूनची गाणी घ्या: मेबेल कार्टर अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवते आणि त्याच हाताच्या बोटाने ठेका धरते. फार सुंदर! १९५० च्या दशकाअखेर रॉक अँड रोलमुळे श्रोते निसटू लागले, तेव्हा कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल (लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायची गिटार) मागे सारून व्हायोलिनांचा ताफा नि कोरस आणला. १९७० च्या दशकात विली नेल्सन, वेलन जेनिंग्स या गायकांनी त्या गुळगुळीतपणाविरुद्ध बंड केलं. आता हिप-हॉपचे ठेकेही आलेत. मात्र सगळेच बदलले नाहीत. ब्लूग्रास या कंट्रीच्याच एका शाखेतले वादक अजूनही मुख्यतः बॅंजो, मॅंडोलिन, फिडल अशी विजेविना वाजणारी वाद्यंच वापरतात.