तीन ठिकाणी काम केलं, आता बायोडेटात काय ठेवू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी ते थोडक्यात सांगते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर तुम्ही रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये दोन वर्षं होतात. ती नोकरी सोडून दीड वर्ष एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवलंत. मग वडील आजारी पडले आणि चौदा महिने घरी राहावं लागलं. त्या दिवसांत विज्ञानविषयक माहितीपटांच्या सबटायटल्सचं भाषांतर केलंत. आता ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं सत्र सुरू आहे आणि एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयातली मुलाखत तीन आठवड्यांवर आली आहे. अशात विभागाने माजी विद्यार्थ्यांची परिचय-पुस्तिका काढली. ती चाळल्यावर तुम्ही लिहिता, ‘प्रत्येकाची रेघ सरळ वर गेलेली आहे, माझीच नागमोडी.’ तुमचे प्रश्न दोन आहेत: लॅब आणि क्लास बायोडेटातून काढून टाकू का? आणि माझा स्वभावच धरसोडीचा आहे का?

पहिल्याचं उत्तर लगेच देते. काढू नका. साडेतीन वर्षं गाळली तर पदवीनंतर तुम्ही काय करत होतात, हा प्रश्न मुलाखतीत पहिलाच येईल. ज्या अर्जात आधीच्या सगळ्या नोकऱ्या विचारलेल्या असतात, तिथे एखादी लपवणं तर खोटी माहिती देणंच ठरतं. जागा कमी असेल तर दोन ओळींत लिहा, पण लिहा.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ द्यावा लागेल, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला थांबवून गेलं. लॅबच्या कंटाळ्याबद्दल लिहिताना तुम्ही सहज लिहून गेलात, ‘जुन्या चाचण्यांचे कागद कुठेही पडलेले असायचे, एकच नमुना दोनदा तपासला जायचा, म्हणून मीच बसून सगळ्याची सूची केली.’ लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही बॉसच्या स्वभावाकडे वळलात. अहो, तुम्ही आज ज्या विषयात पदव्युत्तर पदवी घेताय, ते काम पाच वर्षांपूर्वी कुणी न सांगता केलं होतंत! पुढे क्लासमध्ये तुम्ही प्रकरणांऐवजी ‘मुलं नेमकी कुठे चुकतात’ या क्रमाने प्रश्नांची पेढी लावलीत. भाषांतर करताना सहाशे पारिभाषिक शब्दांची सूची ठेवलीत, म्हणजे एका माहितीपटातला शब्द दुसऱ्यात बदलणार नाही. तिन्ही ठिकाणी पदाचं नाव वेगळं होतं. हात मात्र एकच काम करत होते: विखुरलेलं असं लावायचं की दुसऱ्याला ते सापडावं.

तुमच्या अभ्यासक्रमात भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन आहेतच. त्यांची वर्गीकरणाची पद्धत परीक्षेसाठी पाठ केली असेल, आता जरा त्यांच्या नोकऱ्यांकडे बघा. रंगनाथन गणिताचे. गणितात एम.ए. केलं, शिक्षकी पेशाचं प्रशिक्षण घेतलं आणि काही वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. ते शांत, एकाकी काम त्यांना थोड्याच दिवसांत इतकं नकोसं झालं की मला परत शिकवायला जाऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली. आधी लंडनला जाऊन या विषयाचं शिक्षण घ्या, तरीही नको वाटलं तर परत या, असं ठरलं. ते लंडनला गेले, तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, अनेक ग्रंथालयं फिरून पाहिली आणि १९२५ मध्ये परतले ते मनाने ग्रंथपाल होऊनच. पुढची सुमारे वीस वर्षं त्यांनी तेच ग्रंथालय सांभाळलं.

त्यांच्यातला गणिती कुठे गेला? कुठेच गेला नाही. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युईच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरण पद्धतीत विषयांचे खण आधीच आखलेले असतात आणि पुस्तक त्यातल्या एका खणात बसवायचं असतं. लंडनच्या एका दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो हा जोडणीच्या खेळण्याचा संच पाहिला. तेच सुटे भाग वेगवेगळ्या रीतीने जोडले की दर वेळी नवं खेळणं. विषयाचंही असंच करता येईल, हे त्यांना तिथे सुचलं. विषयाचे पैलू सुटे करायचे, मग चिन्हांनी जोडायचे. त्यातून १९३३ साली त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. पूर्ण वस्तू तिच्या घटकांत सोडवून पाहण्याची ती सवय गणितातली होती. शिक्षकही त्यांच्यात टिकला होता. १९३१ चे त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत पुन्हा वाचा, त्यांत कपाटांपेक्षा वाचकच जास्त दिसतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तुम्ही स्वतःला ड्युईच्या खणात बसवू पाहताय. ‘मी लॅबवाली की शिक्षिका की भाषांतरकार?’ कुठल्याच खणात पूर्ण बसत नाही म्हणून स्वतःला धरसोड म्हणताय. त्याऐवजी रंगनाथन यांच्या रीतीने एक तक्ता करा. आडव्या ओळीत तुमची कामं आणि त्यांचे काळ, उभ्या रकान्यांत पैलू: कशावर काम केलं, नेमकी कोणती क्रिया केली, ते कुणासाठी होतं, मी गेल्यावर तिथे काय मागे राहिलं. पदाचं नाव कुठेही लिहू नका. क्रियेच्या रकान्यात ‘तपासलं’, ‘नोंदवलं’, ‘क्रम लावला’, ‘समजावून सांगितलं’, ‘शब्द ठरवला’ अशी साधी क्रियापदं येऊ द्या. जी दोन किंवा तीन ओळींत पुन्हा पुन्हा येतील ती अधोरेखित करा. बायोडेटाच्या वरच्या तीन ओळी त्यांतूनच निघतील.

एक काळजी मात्र घ्या. धागा सापडला की तो मागे ताणायचा मोह होतो. ‘मला लहानपणापासून ग्रंथपालच व्हायचं होतं’ असलं काही लिहू नका. तुम्हाला तसं व्हायचं नव्हतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते दुसऱ्या प्रश्नातच कळेल. मी त्या टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसले आहे. ‘तेव्हा मला माहीत नव्हतं, आता मागे वळून पाहते तेव्हा दिसतं’ असं कुणी म्हणालं की समोरचे कान देऊन ऐकतात.

परिचय-पुस्तिकेचंही तेच आहे. तिथली प्रत्येक रेघ शेवटच्या पदावर उभं राहून मागे ओढलेली असते, आणि आड येणारे खड्डे वगळलेले असतात. विजेवर मूलभूत संशोधन करणाऱ्या मायकेल फॅरडेचा परिचय कुणी ‘१८१३, रॉयल इन्स्टिट्यूशन’ (लंडनची विज्ञानसंस्था) या ओळीपासून सुरू केला तर रेघ सरळच दिसेल. त्याआधीची सात वर्षं तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता त्याला विज्ञानाची ओढ लागली. १८१२ मध्ये त्याने त्याच संस्थेतल्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती सुमारे तीनशे पानांपर्यंत वाढवली, स्वतःच्या हाताने त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हीला पाठवलं. जागा लगेच मिळाली नाही. पुढच्या वर्षी तिथला एक सहायक काढला गेला, तेव्हा डेव्हीला हा मुलगा आठवला. त्याच्या अर्जातच त्याचं आधीचं काम बांधलेलं होतं. फॅरडेला औपचारिक गणित मात्र आयुष्यभर कमीच आलं. त्याच्या कल्पनांना गणिताचं रूप पुढे मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने दिलं. वळणावळणाने आलेल्या माणसाकडे काही गोष्टी कमी असतात आणि त्या कमी आहेत हे मान्य करण्यात लाज नाही. तुमचं प्रोग्रामिंग कच्चं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. विचारलं तर तसंच सांगा आणि सध्या काय शिकताय तेही सांगा.

फॅरडेकडून आणखी एक घ्या: हातचं काम सोबत न्या. लॅबमधली सूची नको. ती कंपनीची आहे, गोपनीय असू शकते, तिचं फक्त वर्णन करा. पण सहाशे शब्दांची ती सूची तुमची स्वतःची आहे. ती नीट लावा, प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि वापर द्या, पाच-सहा पानांचा नमुना छापा आणि मुलाखतीत टेबलावर ठेवा. भाषांतर कुणासाठी करून दिलं असेल तर सूची दाखवायला त्यांची हरकत नाही ना, एवढं आधी विचारा.

रसायनशास्त्र तुम्हाला ‘वाया गेलेलं’ वाटतं, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद वाढला. शाई पसरू नये म्हणून त्यावर तुरटी आणि राळेची खळ देत, त्यातलं आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, म्हणून त्या काळची पुस्तकं पिवळी पडून हातात तुटतात. जुना संग्रह सांभाळणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाला हे दुखणं माहीत आहे, पण पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, म्हणजे काय हे समजणारे ग्रंथपाल थोडे. शिवाय संशोधन संस्थेत एखादा रसायनशास्त्रज्ञ संदर्भ शोधत येईल, तेव्हा त्याचा प्रश्न तुम्हाला पहिल्या फटक्यात कळेल. मुलाखतीत हे सांगाच. मात्र ‘मी कागदाचं जतन करू शकते’ असं म्हणू नका. ती वेगळी विद्या आहे आणि तिचं प्रशिक्षण वेगळं असतं. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्याकडे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांतली डॉक्टरेट होती, ऑर्गनवादक म्हणून नाव होतं. तरी डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा तिशीत ते पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले आणि वैद्यकाचा पूर्ण अभ्यास करूनच १९१३ मध्ये आफ्रिकेत लाम्बारेनेला गेले. नंतर ऑर्गनच्या मैफलींतून त्यांनी रुग्णालयासाठी पैसा उभा केला. जुनी विद्या नव्या कामाला अशी हातभार लावते, पण नव्या पदवीची जागा घेत नाही.

चौदा महिन्यांबद्दल एकच ओळ पुरे: ‘कौटुंबिक कारणामुळे पूर्णवेळ काम थांबवलं, या काळात भाषांतर.’ वडिलांच्या आजाराचे तपशील बायोडेटात नकोत आणि मुलाखतीतही सांगण्याची सक्ती नाही. ‘आता परिस्थिती ठीक आहे, मी पूर्णवेळ काम करू शकते’ एवढंच शांतपणे सांगा. ते दिवस कसे गेले असतील हे तुमच्या अक्षरांतून मला दिसलं. त्यांची माफी मागण्याच्या सुरात बोलू नका.

मांडणीबद्दल थोडंसं. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या सत्ताधीशाला काम मागणारं पत्र लिहिलं. त्या सत्ताधीशाला युद्धाची चिंता होती, म्हणून लिओनार्दोने आधी हलके पूल, वेढ्याची यंत्रं, तोफा यांबद्दल लिहिलं. चित्रं काढतो हे अगदी शेवटी. वाचणाऱ्याला जे हवं ते आधी. तुमच्या मसुद्यात ऑनलाइन कोर्सची अकरा प्रमाणपत्रं पहिल्या पानावर आहेत आणि सूचीचा उल्लेखच नाही. दोन ठेवा, नऊ काढा. रंगनाथन यांचा चौथा सिद्धांत आठवा: वाचकाचा वेळ वाचवा. बायोडेटालाही वाचक असतो.

आता अवघड भाग. क्लास तुम्ही वडिलांसाठी सोडलात, तो निर्णय परिस्थितीचा होता. लॅब सोडण्याचं कारण तुम्ही ‘कंटाळा’ लिहिलंय. पण तारखा पाहिल्या तर शिफ्टची जबाबदारी देऊ केल्यावर महिन्याभरात राजीनामा दिलात. मला यातून निष्कर्ष काढायचा नाही, एवढ्याशा पत्रावरून तो काढणं अन्यायाचं होईल. पण धरसोड असलीच तर ती कामांच्या संख्येत दिसत नाही, आपण दर वेळी कोणत्या टप्प्यावर उठून जातो त्यात दिसते. शिकण्याची नवलाई संपली की जातो का? माणसं सांभाळायची वेळ आली की जातो का? ग्रंथालयातही पाळ्या लावाव्या लागतात, हाताखालच्यांच्या चुका निस्तराव्या लागतात, चिडलेल्या वाचकाला तोंड द्यावं लागतं. तेव्हा नेमकं काय नको वाटलं होतं, माणसं, रात्रीची पाळी, की चूक झाली तर नाव आपलं येईल याची भीती? हे एका कागदावर फक्त स्वतःसाठी लिहा. ‘पहिली नोकरी का सोडलीत?’ हे मुलाखतीत विचारणारच. तुमचं उत्तर पाठ केलेलं आहे की स्वतःशी बोलून झालेलं आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच समजतं. आणि माणसं सांभाळणं खरोखरच नकोसं असेल, तर वर्गीकरण आणि सूचीची कामं जास्त असलेल्या जागा बघा. तशा जागा असतात आणि त्या कमी प्रतीच्या नाहीत.

येत्या रविवारी तो तक्ता करा, त्यानंतर बायोडेटा नव्याने लिहा, जुन्या मसुद्यात दुरुस्त्या करत बसू नका. शब्दसूचीच्या छपाईसाठी एक आठवडा राखून ठेवा. नवा मसुदा एका पानात बसला की तक्त्यासकट मला पाठवा, मुलाखतीच्या आधी मी तो वाचून परत करेन.