इस्त्रीचा स्विच

प्रिय लेखकमहाशय,

तुझी कादंबरी वाचली. दोनशेच्या वर पानं आणि एकावरही आकडा नाही. परवा पंख्याखाली सगळी उडाली, मी जमतील तशी गोळा केली आणि पुढे वाचत गेलो. तुझा कापड मार्केटवाला बापाशी भांडायच्या आधीच तबलेवाल्याच्या कुशीत जाऊन पोचला. गंमत म्हणजे काहीच बिघडलं नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

एकाला जखम, दुसऱ्याकडे मलम. मिठी मारली, रडला, झोपला, सकाळी बरा. तुम्ही मुलं ज्या बीएल, म्हणजे 'बॉइज लव्ह', पुरुष-पुरुष प्रेमाच्या कथा वाचता त्यांत याला 'हर्ट-कम्फर्ट' म्हणतात, असं भाचीनं मला समजावलं. प्रकार वाईट नाही. साठी उलटल्यावरही कपाळावर कुणी हात ठेवावा असं वाटतंच की. पण तू 'हर्ट' दीड पानात उरकलास. 'समाजाने त्याला नाकारलं' असं एक वाक्य टाकलंस आणि निघालास. समाज कधी कुणाच्या थोबाडीत मारत नाही रे. मारतो तो काका, तेही पंगत बसलेली असताना, आणि वाढणारी आत्या हातातलं वरण घेऊन तशीच पुढच्या पानाकडे सरकते. त्या आत्याबद्दल लिही.

तू मागे विचारलं होतंस, काका तुम्ही एकटेच राहिलात का. नाही.

माझ्या मित्राला घरच्यांनी ऐन पंचविशीत एका डॉक्टरकडे नेलं. पुरुषांची चित्रं दाखवायची आणि मनगटाला विजेचा झटका द्यायचा, असे ते 'उपचार'. तेव्हा असले प्रकार राजरोस चालत. आम्ही एकत्र राहायला लागलो तेव्हा या गोष्टीला चार वर्षं होऊन गेली होती. तो हसायचा, गायचा, पोह्यावर माझ्यापेक्षा जास्त जिरावन मसाला घ्यायचा. फक्त घरातलं एकही बटण दाबायचा नाही. संध्याकाळी मी बँकेतून येईपर्यंत अंधारात बसून असायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, डोळे दुखत होते. मग मी सकाळी निघताना दिवा लावून जायला लागलो. इस्त्रीचा स्विचही मीच दाबायचो. तो कॉलर सरळ करून द्यायचा, मी इस्त्री फिरवायचो. मला वाटायचं, प्रेम म्हणतात ते हेच.

मग माझी रतलामला बदली झाली. आठ महिने. इंदूरला यायचो तो फक्त शनिवारी रात्री. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आलो तर खुंटीवर दोन शर्ट टांगलेले, दोन्ही इस्त्रीचे. एकाच्या कॉलरवर पिवळा डाग. मी त्या डागाकडे बघत उभा राहिलो. तो आतून म्हणाला, "इस्त्री बदलायला झाली आहे. फार तापते." बस्स. त्या विषयावर आम्ही पुढे कधीच बोललो नाही. दिवाळीत विजेच्या माळा लावताना तो परत गच्चीवरून खाली निघून गेला, ती गोष्ट वेगळी.

आता सांग, त्याला बरं कुणी केलं? मी? मी तर चार वर्षं त्याच्या वाटचा स्विच दाबत बसलो होतो. माझ्या प्रेमानं त्याला सांभाळलं हे खरं, पण त्याच प्रेमानं त्याला अंधारात बसायची सोयही करून दिली होती. तुझा तबलेवाला एकदाही खोलीबाहेर जात नाही. त्याला कुठंतरी पाठव. देवासला मैफल असू दे, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असू दे. तो नसताना कापड मार्केटवाला काय करतो, ते प्रकरण लिही. माझ्या मते तीच तुझी कादंबरी आहे.

काळाचा घोळही निस्तर. तुझी गोष्ट २०१५ मधली. दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै २००९ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार काढून घेतली होती, पण ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती परत आणली, आणि कलम शिथिल झालं ते थेट ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे तुझे दोघे कायद्याच्या लेखी गुन्हेगार आहेत आणि घरमालकाला बिनधास्त सांगून खोली घेतात! हा मालक कुठे भेटला तुला? त्या भीतीला जागा दे. आणि तुझ्या त्या दुष्ट डॉक्टरला २०२३ मध्ये आणायचं असेल तर एक लक्षात ठेव: समलैंगिकता ही मानसिक विकृती नाही, हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच जाहीर केलं, आणि अशी 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे उपचारानं माणसाचा कल बदलायचा प्रकार, हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं. आता तुझा नायक तक्रार करू शकतो. करत नसेल, तर का करत नाही?

शेवट गोड ठेवलास म्हणून तुझा प्राध्यापक मित्र हसला, असं लिहिलंयस. हसू दे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये इथून तासाभरावर, देवासच्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी चिटणीस होता. आपल्या मराठी दरबारात, बरं का. दोन पुरुषांच्या प्रेमाची त्याची 'मॉरिस' ही कादंबरी तेव्हा लिहून सात वर्षं झाली होती आणि छापून यायला अजून पन्नास वर्षं होती. तो गेला १९७० मध्ये, पुस्तक आलं १९७१ मध्ये. दोघांपैकी एकाला फासावर लटकवलं असतं तर छापणं सोपं गेलं असतं, हे तो जाणून होता. तरी शेवट गोडच हवा, हा हट्ट त्यानं सोडला नाही. तेव्हा गोड शेवटाची लाज बाळगू नकोस. तो मिळवावा लागतो, एवढंच.

सराफ्याचं, आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचं, प्रकरण छान उतरलंय. रात्री साडेअकराला सराफांच्या बंद पेढ्यांसमोरची ती गर्दी, तळलेल्या गराडू कंदाच्या एकाच द्रोणात दोघांच्या काड्या, आणि चटका बसला म्हणून एकाने दुसऱ्याच्या बोटावर फुंकर मारणं. गर्दीतच आपल्याला आडोसा मिळतो, हे तुला कळलंय. फक्त त्यांना तिथं पुणेरी मराठी बोलायला लावू नकोस. आपण घरात 'अरे ऐक ना' म्हणतो, आणि सराफ्यात उतरलो की दुसऱ्या वाक्याला 'भिया', म्हणजे भैया, येतोच.

आता कादंबरीच्या शेवटी येणारं लग्न. फेटे, सनई, दोन्हीकडच्या आया डोळे पुसताहेत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं. फेटे बांधायला कुणाची ना नाही, पण माझं ऐकशील तर त्या दोघांना बँकेत पाठव. सह-खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. (नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मी काउंटरवर जन्मभर सांगत आलो. तुलाही सांगतो.) नॉमिनीच्या फॉर्ममध्ये नावापुढे एक रकाना असतो: जमाकर्त्याशी नातं, असल्यास.

'असल्यास.' हा शब्द मी किती वेळा वाचला असेन याची गणती नाही. माझ्या फॉर्मवर त्याचं नाव होतं, त्याच्या फॉर्मवर माझं. तो रकाना आम्ही दोघांनीही कोरा सोडला होता. नियमात बसतं ते. तो गेल्यावर फॉर्म समोर आला तेव्हा काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "सर, यहाँ कुछ लिखा नहीं है?" मी म्हटलं, जरुरी नहीं है.

तुझ्या दोघांना तो भरू दे. पेन कोण हातात घेतो आणि काय लिहितो, ते मी सुचवणार नाही.

दिवाळीनंतर पुढचा खर्डा पाठव. आणि पानांवर आकडे घाल.

तुझा,
काका