हलगीवरून ड्रमसेटकडे जाताना

प्रश्न : माझा मुलगा अकरावी कॉमर्सला आहे. चार वर्षं मंडळाच्या लेझीम पथकात हलगी वाजवतो. आता ड्रमर व्हायचंय म्हणतो आणि दिवसभर मोबाइलवर ड्रमरचे व्हिडिओ बघत बसतो. सोलापुरात राहून हे शिकता येईल का? त्यावर पोट भरेल का?
– एक आई, सोलापूर

उत्तर :
ताई, मुलाच्या हातात चार वर्षांचा ताल आहे, ही मोठी जमेची बाजू. पण हलगीच्या दोन सवयी ड्रमसेटवर आडव्या येतील. मिरवणुकीत लय चढवत नेणं हीच कला. लेझीम रंगली की हलगी पळायलाच हवी. रेकॉर्डिंगला तोच दोष ठरतो, कारण बाकीचे वादक कानातल्या मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरल्या वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर चाललेले असतात. शिवाय हलगीत पायांना काम नसतं. ड्रमसेटवर उजवा पाय बास ड्रमच्या, म्हणजे खालच्या मोठ्या ढोलाच्या, पेडलवर आणि डावा हाय-हॅटच्या, म्हणजे झांजांच्या जोडीच्या, पेडलवर असतो.

म्हणून ड्रमसेट लगेच घेऊन देऊ नका. रबरी प्रॅक्टिस पॅड, फाइव्ह-ए मापाच्या काठ्या आणि मेट्रोनोमचं फुकट ॲप, पहिले 6 महिने एवढ्यावर भागतं. बसल्यावर पॅड बेंबीच्या थोडं खाली यावं. काठी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीत धरायची, बाकीची बोटं सैल. ती आपटायची नाही; टाकायची आणि आपोआप उसळू द्यायची. मूठ आवळली की उसळी मरते, प्रत्येक ठोका मनगटाने उचलावा लागतो आणि महिन्याभरात मनगट-कोपर दुखू लागतात.

मेट्रोनोम मिनिटाला 60 टिकींवर लावून एका टिकीत चार ठोके, उजवा-डावा, 5 मिनिटं सलग. मग पॅराडिडल : उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. आरशासमोर बसून दोन्ही काठ्या सारख्याच उंचीला जातात का, ते बघावं. डावी हमखास खाली राहते. प्रत्येक टिकीला उजव्या पायाने जमिनीवर ठोका. 5 मिनिटं स्वच्छ गेली तरच वेग 4 ने वाढवायचा. एकाच हाताचे जोडठोके एकमेकांत मिसळू लागले, तर मागे यायचं.

व्हिडिओ बंद करू नका, बघायची रीत बदला. एका वेळी एकच ड्रमर, एकच गाणं आणि त्यातले फक्त आठ बार (चार टिकींचं एक आवर्तन म्हणजे एक बार). वेग निम्मा करून पहिल्यांदा नुसता बास ड्रम ऐकायचा, दुसऱ्यांदा स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), तिसऱ्यांदा हाय-हॅट. चौकटीच्या वहीत प्रत्येक बारला सोळा घरं आखून तीन ओळींत खुणा करायच्या. तसंच वाजवून, मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ गाण्याशी ताडून बघायचं. मुलं बहुतेक वेळा मधल्या जोरदार फिल्सचीच, म्हणजे ठेका सोडून वाजवलेल्या तुकड्यांचीच, नक्कल करतात आणि साधा ठेका दोन मिनिटं स्थिर धरता येत नाही. बँडला मात्र आधी तो ठेकाच हवा असतो.

आवडत्या ड्रमरचं ऐकून झालं, की त्याने स्वतः कोणाला ऐकलं होतं ते शोधायला सांगा. लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम, त्याच्या मागे जीन क्रुपा आणि बडी रिच हे जुने जॅझ ड्रमर सापडतात. मुंबईत 1951 साली जन्मलेले त्रिलोक गुर्टू आधी तबला शिकले, मग ड्रमकडे वळले. जमिनीवर बसून वाजवायची मांडणी त्यांनी स्वतःची घडवली. तुमच्या मुलाने त्यांना ऐकायलाच हवं.

आणि घराजवळचं खूप आहे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली हलगी, तुळजापूरला गोंधळ्यांचा संबळ, पंढरपूरला भजनातला पखवाज. तिथं जाऊन 2-2 मिनिटांचं रेकॉर्डिंग आणावं. घरी संबळाचा खर्जातला आवाज पायाला द्यायचा, चढा आवाज स्नेअरला. हाताला येणारा ठेका पायात उतरवायला मला याहून चांगला सराव माहीत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर आत्ताच तबल्याच्या वर्गात घाला आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायला लावा. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा. हिंदी-मराठी गाण्यांचा फार मोठा भाग या दोन तालांवर चालतो. ड्रमसेटचा चांगला गुरू जवळ मिळाला नाही, तर महिन्यातून दोनदा पुण्याला जाता येईल. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत. पहिल्याच दिवशी गाणी वाजवायला बसवणारा शिक्षक टाळा. पुढे ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ड्रम किटच्या परीक्षा देता येतात, आठव्या ग्रेडपर्यंत.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. कार्यक्रमांचा पैसा गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत येतो, चातुर्मासात लग्नं थांबली की या सणांचे दिवस सोडून आटतो. वर्षभर घर चालतं ते मुलांना शिकवण्यावर, म्हणून तबल्याची परीक्षा आणि बी.कॉम. दोन्ही हवं. ऑर्केस्ट्रात ड्रमसेटपेक्षा ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवणाऱ्याला जास्त बोलावणं असतं. सामान एका माणसाला उचलता येतं आणि ढोलकीपासून स्नेअरपर्यंत सगळे आवाज त्यात निघतात. बारावीनंतर पहिली मोठी खरेदी ऑक्टोपॅडची करा.

कानांचे प्लग मात्र या आठवड्यातच घ्या. ड्रमसेटचा आवाज 100 डेसिबलच्या वर सहज जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. हलगी वाजवतानाही प्लग लावायला सांगा.