मोसंबीचे झाड हिरवेगार आहे, पण फुले येत नाहीत, काय करावे?

कोथरूडच्या आपल्या बंगल्यातील पाच वर्षांची मोसंबी जोमाने वाढते, रोज पाणी मिळते, तरीही तिला फुले येत नाहीत आणि नवी पालवी पिवळी पडते, असे आपण लिहिले आहे. मीही पुण्यातच घराच्या आवारात मोसंबी लावली आहे, आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ त्या रोजच्या पाण्यातच आहे.

त्याआधी एक गोष्ट मात्र अवश्य तपासावी. मोसंबीचे कलम बहुधा रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या खालच्या रोपावर) मोसंबीचा डोळा भरून केलेले असते, आणि जोडाच्या खालून फुटलेला काटेरी फुटवा वेळीच काढला नाही तर तोच मूळ कलमाला मागे टाकून फोफावतो. जोडाखालचे सर्व फुटवे बुडापासून काढून टाकावेत.

आता पाण्याविषयी. मोसंबीला बहर यायचा तर तिची वाढ काही काळ थांबावी लागते, आणि बारमाही ओल्या मातीत ती थांबत नाही. बंगल्याच्या बागेसाठी आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारा फुलोरा, मला सर्वांत सोयीचा वाटतो. डिसेंबरच्या सुरुवातीपासून पाणी तोडावे. भारी काळ्या जमिनीत हा ताण साधारण दीड-दोन महिने, तर मुरमाड जमिनीत त्याहून कमी पुरतो. पाने निस्तेज होऊन काही गळू लागली म्हणजे ताण बसला असे समजावे, मग आळे हलके चाळून कुजलेले शेणखत घालावे आणि पहिले पाणी बेताचेच देऊन पुढे हळूहळू वाढवावे. लॉनचे फवारे मात्र या काळात झाडापर्यंत पोहोचता कामा नयेत, अन्यथा सारी मेहनत वाया जाते.

पाणी देण्यासाठी दुहेरी आळे करावे, म्हणजे खोडाभोवती मातीची भर राहते आणि पाणी बाहेरच्या कड्यात साचते. खोड सतत ओले राहिले तर डिंक्या होतो, सालीतून डिंक पाझरतो आणि झाड हातचे जाते. पावसाळ्यापूर्वी खोडाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट लावावी.

कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर ती बहुधा लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ती हमखास दिसते. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी करावी, परंतु निचरा सुधारल्याशिवाय तिचा गुण टिकत नाही.

आंबे बहाराची फळे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तयार होतात. पुण्यात तेव्हा थंडी बेताचीच असल्याने साल बरीचशी हिरवीच राहते, म्हणून ती पूर्ण पिवळी होण्याची वाट न पाहता एक फळ कापून, चाखून मगच तोडणी ठरवावी.