दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बाळंतपण लवकर होतं का?

दुसऱ्या खेपेला बहुतेक वेळा हो. तिसऱ्या-चौथ्याला मात्र वेळ आणखी घटत जाईलच असं नाही. पिशवीचं तोंड आणि खालचे स्नायू एकदा ताणलेले असतात, म्हणून लवकर सैल पडतात. कळांनी जोर धरल्यावर पहिलटकरणीला तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटीमीटर, उघडायला साधारण 8 तास लागतात, पुढच्या खेपेला 5 च्या आसपास. नंतर जोर लावून बाळ बाहेर यायला तर कधी दहा-पंधरा मिनिटंही पुरतात. लेबर रूममध्ये नर्स असल्याने हे नेहमी बघते. पण पहिलं सिझर कळा न येताच झालं असेल, तर हा हिशेब लागू नाही, आणि पिशवीवर आधीच्या सिझरचा व्रण असल्याने कळा सुरू झाल्यावर घरी वाट बघत बसूच नका.